दादाने वहिनीसाठी अंथरलेले गालिचे

माझा दादा गालिचे अंथरायचं काम करायचा. लोकांना वाटतं त्यात काय एवढं, गुंडाळी सोडली की झालं. पण मोठ्या दुकानात त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात आणि त्या दुकानात तो माणूस म्हणजे आमचा दादा. इराणी, तुर्की, हाताने गाठी मारून विणलेले जाडजूड गालिचे, एकेक उचलायला तीन माणसं लागतात. गिऱ्हाईक दुकानात बघून भाळतं आणि घरी नेलं की म्हणतं, अहो हा तो नव्हेच. म्हणून दुकानाची पद्धत अशी होती की आधी घरी नेऊन अंथरायचा, चार दिवस तिथेच राहू द्यायचा, आवडला तर ठेवा, नाही आवडला तर परत. आता तो राहणार की परत येणार हे कसा अंथरलाय त्यावर असतं. दादाने अंथरलेला सहसा परत यायचा नाही.

दुकानात त्याला टेप म्हणायचे. खिशात कायम मोजायची टेप असायची म्हणून. मालकसुद्धा टेपच म्हणायचे. वहिनीला नवी नवी असताना हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर नाव ठेवलंय. एकदा सुरू झाला की बंदच होत नाही."

तो कोणाच्या घरी गेला की पहिला प्रश्न एकच. "तुम्ही रोज कुठे बसता?" लोकांना नवल वाटायचं, गालिचा जमिनीवर घालायचाय आणि हा बसायचं काय विचारतोय. त्याचं असं आहे की गाठीच्या गालिच्याची लव एका अंगाला झुकलेली असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने बघितलं तर डाळिंबासारखा लाल आणि फिरून दुसऱ्या बाजूला गेलात तर तोच गालिचा फिका, दहा वेळा धुतल्यासारखा. म्हणून घरातलं मुख्य माणूस जिथे बसतं तिथून रंग उठून दिसेल असा तो फिरवून घालायचा. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर घ्यायचे, नाहीतर सोफा रुसून बाजूला बसल्यासारखा दिसतो. भिंतीकडेने थोडी जमीन उघडी सोडायची. मोठ्या खोलीत चिमुकला गालिचा घालायचा नाही, मैदानात रुमाल पडल्यासारखं दिसतं. आणि एका खोलीत दोन घालायचे असले तर तो सांगायचा, "दोन्ही बोलके घेऊ नका. एक बडबड्या असला तर दुसरा ऐकणारा पाहिजे. आमच्या घरी तसंच आहे." मग बायका हसायच्या आणि विचारायच्या, बडबड कोण करतं? तो म्हणायचा, "ते मी घरी जाऊन विचारून येतो."

आणि त्याच्या स्वतःच्या घरात काय, तर नुसती फरशी. दिव्याखाली अंधार. वहिनी टोमणे मारायची, लोकांच्या पायाला मखमल आणि माझ्या पायाला गारठा. तो म्हणायचा, दिवसभर तेच उचलतो, घरी तरी सपाट जमीन बघू दे.

वहिनी पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची मशीन. हात इतका साफ की दादाच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणींनी पडदेही तिच्याकडूनच शिवून घेतले. एकदा एक बाई पडदा परत घेऊन आली. चार पडद्यांतल्या एकावर फुलं उलटी, देठ वर आणि फुलं खाली. वहिनीने हातात घेतला, उलटा सुलटा केला, आणि तिला तेव्हाही दिसेना की चुकलंय काय. त्या दिवशी कळलं की डोळे चाललेत.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, औषध नाही. आधी मधलं जाईल, कडेचं थोडं राहील, मग तेही पुसट होईल. उजेड अंधार कळेल. आणि तसंच झालं, दोन तीन वर्षांत. ती भिंतीला हात लावून चालायला लागली. टेबलाचा कोपरा लागून लागून कमरेवर कायम काळा निळा डाग. मग चालणं कमीच केलं. सकाळी दादा तिला खुर्चीत बसवून जायचा, शेजारी पाणी आणि रेडिओ ठेवायचा, आणि संध्याकाळी आला की ती त्याच खुर्चीत. बाथरूमला जायला लागू नये म्हणून ती पाणी पण पीत नव्हती. हे मला तिने एकटीला सांगितलं, दादाला सांगू नका वन्सं म्हणाली. मी सांगितलंच.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या शहरात नोकरीला. उंच इमारतीत घर, लिफ्ट, बायको चांगली, सगळं चांगलं. तो म्हणायला लागला, आई तू आमच्याकडेच ये. वाईट काही नव्हता म्हणत. पण वहिनी नाहीच म्हणायची. "तिथे मी पाहुणी," ती म्हणायची. "इथे माझी कुठली भिंत कुठे संपते ते तरी मला माहीत आहे. तिथे मला उठायचं म्हटलं तरी हाक मारायला लागेल. मला माझ्या घरात माझ्या पायाने फिरायचंय, बाकी मला काही नको." एवढंच तिचं मागणं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

मग दादाच्या डोक्यात आलं. दुकानात बदलीचा माल यायचा, म्हणजे लोक नवा घेताना जुना देऊन जातात, झिजलेला, कुठे कुरतडलेला. त्यातले त्याने निवडून निवडून आणले. एका रविवारी सगळं घर अंथरलं आणि मला बोलावून घेतलं. मी दारातच उभी राहिले. पुढच्या खोलीत मोठा लाल, मध्ये पदकासारखी गोल नक्षी असलेला, आत जायच्या बोळात निळसर, आतल्या खोलीत पलंगाशी विटकरी. मी म्हटलं, अरे हे आपलंच घर का? वहिनीच्या खुर्चीकडून बघितलं तर लाल गालिचा नुसता पेटलेला. दादा मला हाताला धरून तिथे उभी करून दाखवत होता, इथून बघ, इथून बघ.

तिसऱ्या दिवशी वहिनी पडली. स्वयंपाकघरातून येताना झालरीत अंगठा अडकला आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं.

आता सगळे दादावर तुटून पडले. डोळ्याच्या दवाखान्यातली बाई तर आधीच सांगून गेली होती की घरातली पायपुसणी पण काढून टाका. भाचा धावत आला. तो बापाशी कधी वर आवाजात बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला. "बाबा, तुम्हाला दुकान घरी आणायची हौस आली का? ती काय गिऱ्हाईक आहे?" दादासारखा बोलका माणूस खाली बघत बसला होता. ठरलं असं की प्लास्टर निघालं की वहिनी मुलाकडे जाणार. वहिनीने दादाशी दोन दिवस बोलणंच टाकलं. मी तेव्हा तिच्या मदतीला तिथेच राहत होते म्हणून मला माहीत.

दादा गालिचे गुंडाळायला लागला तेव्हा ती बोलली.

"अहो, थांबा. मला एक सांगा. हे तुम्ही कुठून बघून अंथरलेत?"

"कुठून म्हणजे? तुझ्या खुर्चीकडून. तू तिथे बसतेस म्हणून."

"हं. म्हणजे मला बसवायला अंथरलेत."

दादा म्हणाला, "अगं, मी सगळ्यांना तेच विचारतो ना, कुठे बसता."

"मला चालायचंय हो," वहिनी म्हणाली. "मला तुमचा रंग काय करायचाय? मला चालायचंय."

दादा तिथेच त्या अर्ध्या गुंडाळीवर बसला. इतकी वर्षं तो लोकांना कुठे बसता विचारत आला, ती सवय इतकी अंगात मुरलेली की ज्या बायकोला दिसत नाही तिच्यासाठीसुद्धा त्याने बघायचाच गालिचा घातला. मग म्हणाला, "चालायला लागलीस की पहिला पाय कुठला टाकतेस?" आणि दोघं कामाला लागली.

पुढचे पंधरा वीस दिवस त्या घरात जो गोंधळ चालला तो काय सांगू. वहिनी एक हात गळ्यात, अनवाणी, आणि दादा तिच्या पुढे मागे गालिचे सरकवतोय. ती म्हणायची हा नको, हा त्याच्यासारखाच लागतो, मला फरक कळला पाहिजे. मग दादाने बोळातला निळा काढला आणि तिथे बिनलवेचा, सतरंजीसारखा सपाट पट्टा घातला. पायाखाली सपाट लागलं की बोळ. जाड मऊ लागलं की पलंग. बाथरूमच्या दारापुढे मुद्दाम फरशी उघडी सोडली, पाय गार पडला की थांबायचं आणि उजवीकडे वळायचं. स्वयंपाकघरात काहीच नाही. आणि पुढच्या खोलीतला तो मोठा लाल त्याने असा फिरवला की लव स्वयंपाकघराच्या बाजूला झुकेल. म्हणजे स्वयंपाकघराकडे निघालं की लव पायाखाली बसत जाते, गुळगुळीत. परत यायला लागलं की लव तळव्याला उलटी घासते. आपल्याला चपलेतून कळायचं नाही, पण तिला आठवड्यात कळायला लागलं.

झालरीचं मात्र भांडण झालं. दादा गिऱ्हाइकांना दम देऊन सांगायचा की झालर कापायची नाही, दुमडायची नाही, तेच उभे धागे आतून गेलेले असतात, तो गालिच्याचा जीव आहे. वहिनी म्हणाली, "गालिच्याचा जीव ठेवा आणि माझा घालवा." मग त्याने सगळ्या झालरी दुमडून खाली घेतल्या आणि स्वतः शिवल्या. वहिनीचा हात प्लास्टरात, ती बोट फिरवून बघायची आणि ओरडायची.

"टाका लांब घेतलात."

"एवढाच येतो मला."

"मग पोत्याचा धंदा करा, हात तोच आहे."

"बाई, सुई घुसली माझ्या बोटात."

"घुसू दे. मी किती वर्षं टोचून घेतलं."

खाली रबराची जाळी घातली, कडा जमिनीला चिकटपट्टीने पक्क्या केल्या. आणि दिसायला? दिसायला एकदम वाईट. वहिनीची खुर्ची जिथे, तिथून लाल गालिचा फिका पडलेला. त्याच्याला लागून एक पिवळट तुकडा, त्याच्याला लागून हिरवा. दुकानाचे मालक एकदा वहिनीला बघायला आले. दारात उभे राहून बघत राहिले, मग म्हणाले, "टेप, एक विनंती आहे. गिऱ्हाइकाला कधी घरी चहाला बोलावू नकोस." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

प्लास्टर निघालं आणि भाचा न्यायला आला. वहिनी उठली, आत गेली, चहा केला आणि कप घेऊन आली. बशीत सांडला होता बराच. भाचा कप धरायला पुढे झाला तर म्हणाली, तू बस, मी तुझ्यापर्यंत येते. आली. तो चहा प्याला आणि म्हणाला, ठीक आहे, बघू सहा महिने. ते सहा महिने पुढे चार वर्षं चालले. वहिनी घरभर फिरायची. भाजी चिरायची, कपडे वाळत घालायची, मला फोनवर सांगायची आज अमुक केलं तमुक केलं. दादा वर्षातून एकदा सगळ्या जाळ्या आणि कडा तपासायचा. गिऱ्हाइकाचा गालिचा असता तर ऊन आणि पाय सगळीकडे सारखे लागावेत म्हणून दर वर्षी फिरवून घातला असता. घरचा कधी फिरवला नाही. तिच्या चालण्याच्या वाटेवर तो पार झिजला, तर वहिनी म्हणाली, राहू दे, आता तर आणखी चांगलं कळतं.

दादा ह्याच वर्षी गेला. कामावर असतानाच. एका घरी गालिचा पोचवून गाडीत येऊन बसला आणि गाडीवाल्याला म्हणाला, जरा काच खाली कर. तेवढंच. दवाखान्यात नेईपर्यंत राहिला नाही.

माणसं भेटायला यायला लागली. घर छोटं, खुर्च्या आणून मांडायच्या होत्या, बाहेरचे पाय, चपला. आमच्याच नात्यातल्या बायका चांगल्या मनाने कामाला लागल्या, त्यांनी सगळे गालिचे कडेच्या पट्ट्यांसकट उपटून गुंडाळले आणि भिंतीला उभे केले. मी रडत होते, माझं लक्षच नव्हतं. वहिनी आतल्या खोलीतून उठली, पाय खाली ठेवला आणि तशीच उभी. मग एक पाऊल टाकलं, थांबली, परत मागे घेतलं. मला म्हणाली, "वन्सं, मी कुठे आहे?" स्वतःच्या पलंगापाशी उभी होती ती. त्याच्यानंतर चार पाच दिवस ती पलंगावरच बसून राहिली. जे भेटायला आले त्यांना वाटलं दुःखाने. दुःख तर होतंच.

माणसं ओसरली तेव्हा भाचा मला म्हणाला, "बघितलंस ना आत्या. बाबा होते तोवर चाललं. आता मी हिला नेतो." त्याची बायको तिकडे खोली रिकामी करायला पण लागली होती. मी म्हटलं, अरे आधी गालिचे तर घालू परत. आम्ही दोघांनी घातले. मला आठवत होतं तसे घातले, कुठला कुठे ते मला माहीत होतं. वहिनीला म्हटलं, चल, झालं. ती उठली, बोळातून आली, लाल गालिच्यावर पाय टाकला आणि चार पावलं जाऊन तिने कपाळ कपाटावर आपटलं. तिला वाटलं ती स्वयंपाकघराकडून परत येतेय, म्हणून ती वळली. आम्ही लाल गालिचा उलटा घातला होता, ह्या बाजूचं टोक त्या बाजूला. गालिचा बरोबर, जागा बरोबर, लव उलटी.

भाचा म्हणाला, "आई, आता पुरे. कोण करणार हे? बाबा नाहीत."

वहिनी कपाळ चोळत खाली बसली. मला वाटलं आता ही रडणार. तिने हात गालिच्यावर ठेवला आणि फिरवला. इकडे, मग तिकडे. "हा उलटा आहे," ती म्हणाली. "खुर्च्या बाजूला घ्या. तुझ्या बाजूचं टोक उचल रे. वन्सं, तुम्ही उभ्या राहू नका, तुमची कंबर धरेल, तुम्ही फक्त जाळी धरा."

"आई."

"उचल म्हणते ना."

एक अख्खी दुपार लागली. ती खाली बसून सरकत सरकत प्रत्येक गालिच्यावर तळहात फिरवत होती आणि आम्ही उचलून फिरवत होतो. बोळातला पट्टा एक वीत पुढे आला होता तेही तिलाच कळलं, बाथरूमपुढची फरशी झाकली गेली होती. ते सगळं दादाच्या डोक्यात होतं असं आम्ही समजत होतो. ते तिच्या पायात होतं, दादा नुसता उचलत होता. झाल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. आम्हाला विचारलं, तुम्हाला हवंय का.

भाचा खुर्चीवर बसला होता घाम पुसत. म्हणाला, "घरात फिरशील गं. ते मी बघितलं. पण दार कोण उघडणार? बाबा किल्लीने उघडून यायचे. आत्या येणार, दूधवाला येणार, तुला बरं वाटलं नाही तर शेजारचे येणार. तू दारापर्यंत जात नाहीस. कधीच गेली नाहीस."

ते खरं होतं. लाल गालिचा संपतो तिथून दारापर्यंत तिरकी मोकळी जागा आहे, चपला काढायची, त्यात खाली एक उंबरा. तिथे वहिनी इतक्या वर्षांत एकटी गेली नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. वहिनी म्हणाली, "मालकांना फोन लाव. अरुंद पट्टा आहे का विचार. लव जाड पाहिजे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घेऊन आले. त्यांनी सवयीने विचारलं, अंथरणार कोण, आणि विचारल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. भाचा म्हणाला, मी. तो ऑफिसात बसून काम करणारा पोरगा, गुडघ्यावर बसला.

"लव कुठल्या बाजूला झुकलीय?" वहिनीने विचारलं.

"मला काय माहीत. लाल आहे."

"मला लाल कशाला सांगतोस? हात फिरव. मांजर कुरवाळतोस तसा."

त्याने फिरवला. "भिंतीकडे."

"मग उलटा कर. दाराकडे पाहिजे."

झालर त्याने मुकाट्याने खाली दुमडली. शिवायला मी बसले, तर वहिनी म्हणाली, द्या इकडे, आणि तिनेच बोटांनी चाचपत शिवली. उंबऱ्याच्या एक पाऊल आधी पट्टा थांबवला, तिथे फरशी गार.

मग भाचा चपला घालून बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. बेल वाजवली. वहिनी खुर्चीतून उठली. लाल गालिचा ओलांडताना ती नेहमीसारखी चालली, पट्ट्यावर आल्यावर हळू झाली, गार फरशीवर थांबली, हात पुढे करून कडी शोधली. पहिल्यांदा कडी उलटी फिरवली. मी उठायला लागले तर मालकांनी मला हाताने थांबवलं. दार उघडलं.

"कोण?" वहिनी म्हणाली. तो समोरच उभा होता.

"मी आहे."

"मग ये की आत. उभा काय राहिलायस?"

त्या रविवारी भाचा एकटाच परत गेला. रोज रात्री फोन करतो, आणि तिकडची खोली पण तशीच रिकामी ठेवलीय, ते तो सांगत नाही पण सुनेने मला सांगितलं. मी आठवड्यातून दोनदा वहिनीकडे जाते. बेल वाजवते आणि थांबते. आतून तिच्या पावलांचा आवाज येत नाही, गालिच्यावर येणार कसा, म्हणून आपल्याला वाटतं कोणी येतच नाहीये. मग एकदम अगदी जवळून आवाज येतो, "थांबा वन्सं, कडी सापडली."